विद्यार्थ्याची परीक्षा बांधावर

महाराष्ट्रांत १९६८ ते १९७२ या काळांत राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथें चार कृषि विद्यापीठें स्थापन झालीं. तेथील पदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थ्यांस खेड्यांत पाठवून गांवची पाहणी, मातीचे नमुने, बीजप्रक्रिया इत्यादि कामें करावयास लावतात. शास्त्राबरोबर माणसांशीं बोलणें, मिळून काम करणें व अडचणींतून वाट काढणें हे गुणहि अंगीं यावेत, हा त्यांतील हेतु.

हेतु स्तुत्य आहे. परंतु या गुणांची पारख केवळ वहीवरून होणें नाहीं. वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन, तिचे चार चार भाग करीत शेवटीं अर्धा किलो ठेवावी, हें पुस्तकांत असतेंच. पण नमुना बांधालगत किंवा खताच्या ढिगाखालून कां घेऊं नये, हें शेतकऱ्यास पटवून देतां येतें कीं नाहीं, ही खरी परीक्षा होय. पुढील पेरणीस शेतकऱ्यानें आपण होऊन बियाण्यास औषध चोळलें, तर विद्यार्थी उत्तीर्ण झाला असें आम्ही समजूं.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे कीं, विद्यार्थी दारीं आल्यास त्यास प्रश्न विचारावे, चुकल्यास समजावून सांगावें, आणि काम पाहिल्यावांचून वहीवर सही करूं नये. उद्यां यांतूनच आपले कृषि अधिकारी व्हावयाचे आहेत.