स्कूबा करायला चाललात? आधी माणूस पारखून घ्या!

सुट्टी लागली की आपल्या वणी-दिंडोरी भागातून मालवणकडे जाणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. पूर्वी मालवणला जायचे म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, मासळीवर ताव मारायचा, सोलकढी प्यायची आणि परतायचे, एवढाच बेत असे. आता त्यात 'स्कूबा'ची भर पडली आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावायचा आणि पाण्याखाली जाऊन रंगीबेरंगी मासे पाहायचे. हौस म्हणून यात वाईट काहीच नाही. परंतु ज्याच्या हाती आपण आपला श्वास सोपवतो, तो माणूस कोण आहे, याची चौकशी किती जण करतात?

एका रुग्णाचे उदाहरण सांगतो. ते द्राक्ष बागायतदार. वय बेचाळीस. छाटणीची कामे आटोपून कुटुंबासह कोकणात गेले होते. परतल्यावर दवाखान्यात आले ते कानावर हात ठेवूनच. "डॉक्टर, कानात दडा बसलाय. चार दिवस झाले, सुटत नाही. चक्करही येते."

विचारता विचारता हकिगत कळली. रात्रभर गाडी चालवून ते किनाऱ्यावर पोहोचले आणि सकाळी थेट पाण्यात उतरले. पडसे आधीपासूनच होते. दोन-तीन मीटर खाली गेल्यावर कान ठणकू लागला. "मी कानाकडे बोट दाखवत होतो आणि तो मला कॅमेऱ्याकडे बघा म्हणून खुणावत होता!" कान तपासला तर पडद्याला भोक पडलेले. नाशिकच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. पडदा भरून यायला सुमारे दोन महिने लागले. कानातला बारीक आवाज मात्र अजून पुरता गेलेला नाही.

"पाण्यात उतरण्यापूर्वी तुम्हाला पडसे आहे का, असे कोणी विचारले होते का?" मी विचारले.

"छे! माणसं किती आणि व्हिडिओ पाहिजे का, एवढंच विचारलं."

वाचकहो, आजच्या लेखाचे सारे सार या एका वाक्यात आहे. जो स्कूबावाला फक्त आपल्या पैशाची चौकशी करतो, त्याच्यापासून दूर राहा. जो आपल्या प्रकृतीची चौकशी करतो, तो विश्वासाचा.

पाण्याखाली शरीराचे काय होते?

सप्तशृंगी गडाच्या घाटात एस.टी. चढू लागली की कानात दडे बसतात, हा अनुभव आपल्याला नवा नाही. हवेचा दाब बदलल्यामुळे तसे होते. आवंढा गिळला की कान मोकळे होतात. आता असे पाहा की वणीहून गडावर जाताना हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, त्याहून अधिक फरक समुद्रात केवळ एक मीटर खाली गेल्यावर पडतो! दहा मीटरवर तर एकूण दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो.

घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक बारीक नळी असते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की ती उघडते आणि दाब सारखा होतो. खाली जाताना हे दर अर्ध्या-एक मीटरला, कान दुखू लागण्यापूर्वीच करावे लागते. पडसे झालेले असेल तर ही नळी सुजलेली असते आणि दाब सारखा होत नाही. अशा वेळी खाली जाण्याचा हट्ट केला तर पडदा फाटू शकतो. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणेही शहाणपणाचे नाही. तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर पंचाईत होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्याकडची बहुतेक मुले विहिरीत सूर मारून पोहायला शिकतात. पाण्यात शिरले की श्वास रोखायचा, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. सिलिंडर लावल्यावर हीच सवय घातक ठरते. पाण्याखाली घेतलेली हवा दाबामुळे दाटलेली असते. वर येताना दाब कमी होतो आणि ती फुगू लागते. श्वास रोखलेला असेल तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि फुप्फुसाला इजा होते. जेमतेम एक-दीड मीटरवरून वर येतानाही असे घडू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखायचा नाही, तो संथपणे चालू ठेवायचा. "मला उत्तम पोहता येते" म्हणणाऱ्यांनी हा नियम दोनदा वाचावा.

सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. हौशी पर्यटकांच्या सिलिंडरमध्ये साधी, गाळून स्वच्छ केलेली हवाच कॉम्प्रेसरने दाबून भरलेली असते. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो, तिथे इंजिनाचा धूर येत असेल तर तोही सिलिंडरात जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण त्याने डोके दुखते, मळमळते आणि प्रसंगी शुद्ध हरपते.

हे प्रश्न जरूर विचारा

पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. संकोच करू नये. चांगला माणूस प्रश्नांनी रागावत नाही.

१. नोंदणी आहे का? राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीचा कागद पाहायला मागावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण केंद्र उभारले होते. त्यामुळे स्थानिक तरुणांना हे शिक्षण घरच्या किनाऱ्यावर मिळू लागले. प्रशिक्षित माणसे तिथे आहेत. ती शोधायची तसदी आपण घ्यायला हवी.

२. माझ्याबरोबर पाण्यात कोण उतरणार? दुकानात बसलेला मालक प्रशिक्षित असून उपयोग नाही. 'पाडी', 'एसएसआय' अशा आंतरराष्ट्रीय संस्था प्रशिक्षकांना ओळखपत्र देतात. त्यावर नाव, छायाचित्र आणि पात्रता असते. प्रथमच उतरणाऱ्या माणसामागे एक प्रशिक्षक असणे उत्तम. एकच माणूस चार-पाच नवख्यांना घेऊन जाणार असेल तर नमस्कार करून निघावे.

३. आधी सराव देणार का? कंबरभर पाण्यात रेग्युलेटरने श्वास घेणे, मुखवट्यात शिरलेले पाणी बाहेर काढणे, कान मोकळे करणे आणि हाताच्या खुणा, एवढे तरी शिकवलेच पाहिजे. खुणांचे महत्त्व विशेष आहे. आपण 'छान' म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो! 'ठीक आहे' म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवले तर 'कानाला त्रास होतोय' असे समजतात. आमच्या बागायतदारांना ही एक खूण शिकवली असती, आणि ती ओळखणारा माणूस समोर असता, तर पडदा वाचला असता.

४. किती खोल जाणार? मालवणला किल्ल्याच्या आसपास नवख्यांना सहसा उथळ पाण्यातच नेतात. मासे पाहायला तेवढे पुरते. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसासाठी 'पाडी'ने १२ मीटर ही कमाल मर्यादा आणि १० वर्षे हे किमान वय ठरवले आहे. "मुलगा आठ वर्षांचा आहे, पण धीट आहे" असे सांगून गळ घालू नये.

५. सामान कसे आहे? स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर असतो तसा या सिलिंडरवरही तपासणीचा शिक्का असतो, तो दाखवायला सांगावे. पाण्याबाहेरच रेग्युलेटरमधून चार श्वास घेऊन पाहावेत. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नको. हवा किती उरली हे दाखवणारे घड्याळ चालू आहे ना, तेही पाहावे.

६. काही बरेवाईट झाले तर? बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का? जवळचे रुग्णालय कुठे? या प्रश्नांना ताबडतोब उत्तर मिळाले पाहिजे. "आजवर कुणाला काही झालं नाही" हे उत्तर नव्हे.

बोटही पाहावी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. त्यात दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. अपघात पाण्याखाली नव्हे, परतीच्या वाटेवर झाला, हे ध्यानात घ्यावे. बोटीत किती माणसे बसवायची परवानगी आहे, हे विचारावे आणि चढण्यापूर्वी डोकी मोजावीत. लाइफ जॅकेट सर्वांना असावे आणि ते मांडीवर न ठेवता अंगात घालून पट्टे बांधावेत. पावसाळ्यापूर्वी मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो. पुढे ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद ठेवतात. बंदीच्या काळात "तुमच्यासाठी करतो" म्हणणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे. हंगामातही वारा वाढला म्हणून जो बोट काढत नाही, त्याचे आभार मानावेत.

आपली जबाबदारी

सगळा दोष स्कूबावाल्याच्या माथी मारणे बरोबर नाही. चांगल्या ठिकाणी प्रकृतीविषयीचा एक छापील अर्ज भरायला देतात. आपली मंडळी तो न वाचताच सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकतात. रक्तदाबाची गोळी रोज घेणारा गृहस्थही 'नाही' लिहितो, कारण सोबतच्या मित्रांसमोर माघार घ्यायची लाज वाटते. स्कूबातील मृत्यूंपैकी मोठा हिस्सा हृदयाच्या तक्रारींशी निगडित असतो, हे अशा मंडळींनी जाणून घ्यावे.

दमा, हृदयविकार, फिट येणे, फुप्फुसाचा जुना आजार, फुप्फुस एकदा मिटलेले असणे, कानाची शस्त्रक्रिया, इन्शुलिन चालू असलेला मधुमेह, यांपैकी काही असेल तर घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी स्कूबा करू नये. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि त्यात तंबाखू-विडी, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. पडसे, ताप, खोकला असेल तर बेत पुढे ढकलावा. आदल्या रात्री मद्यपान नको. रात्रभर प्रवास केला असेल तर एक रात्र झोप काढून मगच पाण्यात उतरावे.

खोल पाण्यात गेलेल्यांसाठी आणखी एक पथ्य आहे. दाबाखाली हवेतील नायट्रोजन शरीरात मुरतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या मारल्यास किमान १८ तास विमानात बसू नये. अंदमान-गोव्याकडे जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट काढतानाच हा हिशेब करावा.

घरी आल्यावर

कान दुखणे, रक्त येणे, ऐकू कमी येणे, गरगरणे, छातीत दुखणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, अकारण कमालीचा थकवा यांपैकी काहीही झाले तर थांबू नये. छातीचा किंवा हातापायांचा त्रास असेल तर लगेच १०८ वर फोन करावा. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला तरी डॉक्टरांना "मी पाण्याखाली गेलो होतो" हे आवर्जून सांगावे. कानात तेल किंवा घरगुती औषध मुळीच घालू नये. समुद्रात बोट अडचणीत सापडली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

आमचे बागायतदार पुढच्या हंगामात पुन्हा मालवणला गेले. या खेपेस त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलाला पाण्यात उतरायचे होते. जाण्यापूर्वी त्यांनी हे प्रश्न माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. पहिल्या दुकानदाराने कागद पाहूनच तोंड फिरवले. दुसऱ्याने सगळी उत्तरे दिली, मुलाला खोकताना ऐकले आणि म्हणाला, "आज नको दादा. खोकला थांबल्यावर या." मुलगा हिरमुसला. वडिलांनी मात्र त्या माणसाचा फोन क्रमांक जपून ठेवला आहे.

या सुट्टीत आपणही जाणार असाल तर हे कात्रण खिशात ठेवावे. समुद्र कुठे पळून जात नाही. आज नाही जमले, तर पुढच्या वर्षी.