वारा ओळखा, मग नांगर टाका

‘शुमाल’ म्हणजे उत्तर, हे उर्दू जाणणाऱ्या बंधूंना ठाऊकच आहे. आखातात वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याचे ‘शमाल’ हे नाव त्याच शब्दाचे. हिवाळ्यात तो अचानक उठतो आणि कधी दोन-तीन दिवस थांबत नाही. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पाला वळसा घालणाऱ्या नाखुदाने आसरा आधीच ठरवून ठेवावा. नाहीतर माल भिजतो, जहाजही खडकावर जाते.

पश्चिम अंगाला ‘खोर अश-शाम’ ही लांब खाडी डोंगरांत शिरते. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी तारेचे ठाणे इथल्याच एका बेटावर बसवले. मकलबच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे, पूर्वेला ‘खोर हबलैन’ आहे. आत मोठी लाट पोचत नाही. पण लाट थांबली म्हणजे वारा थांबला असे नव्हे. उंच कड्यांवरून त्याचे झोत खाली कोसळतात. शिवाय कड्यालगत पाणी खोल असते, तिथे नांगर टाकणे अवघड.

म्हणून खाडीच्या टोकाशी उथळ, वाळूच्या तळाची जागा पाहावी. खोलीच्या किमान पाचपट साखळी सोडावी. वारा फिरला तर बाहेर पडायला वाट राखावी आणि उजेड असतानाच पोचावे. उशिरा आलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळते, बुडालेल्याला नाही.