व्हाइटफिश पॉइंट जहाज-अपघात संग्रहालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्याचे, सरोवरकाठी असलेले नौकानयनविषयक संग्रहालय. सुपीरिअर सरोवराच्या आग्नेय भागात, पॅरडाइस गावाच्या उत्तरेस सु. १८ किमी. वरील व्हाइटफिश पॉइंट या वालुकामय भूशिरावर, जुन्या दीपगृहाच्या आवारात ते वसले आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट लेक्स शिपरेक हिस्टॉरिकल सोसायटी या संस्थेने १९८५ मध्ये ते सुरू केले.

‘सरोवर’ या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येणारा शांत जलाशय येथे बाजूस ठेवावा लागतो. सुपीरिअरचे क्षेत्रफळ सु. ८२,१०० चौ. किमी., तर कमाल खोली ४०६ मी. आहे. वायव्येकडून येणाऱ्या वादळी वाऱ्यांना शेकडो किमी. मोकळे पाणी मिळत असल्याने शरद ऋतूच्या अखेरीस लाटा सागरी लाटांइतक्याच विध्वंसक होतात. १८५५ मध्ये सू येथील जलपाश खुले झाल्यावर लोहधातुकाची वाहतूक वाढली आणि ये-जा करणारी सर्व जहाजे या भूशिराला वळसा घालू लागली. दाट धुके व अरुंद होत जाणारा जलमार्ग यांमुळे टकरीही वारंवार झाल्या.

येथे पहिले दीपगृह १८४९ मध्ये प्रज्वलित झाले. सध्याचा लोखंडी सांगाड्याचा मनोरा १८६१ चा आहे. दीपरक्षकाचे निवासस्थान व जीवरक्षक नाविकांची १९२३ ची नौकाशाला प्रेक्षकांना पाहता येते. मुख्य दालनात मिशिगन सरोवरातील व्हाइट शोल दीपगृहाचे भव्य फ्रेनेल भिंग टांगलेले आहे. तथापि प्रेक्षक अधिक रेंगाळतो तो एका कांस्य घंटेपाशी.

ही घंटा ‘एडमंड फिट्‌झजेरल्ड’ या २२२ मी. लांबीच्या मालवाहू जहाजाची होय. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी सु. २६,००० टन टॅकोनाइट गोळ्या घेऊन ते विस्कॉन्सिनमधील सुपीरिअर बंदरातून निघाले. दुसऱ्या दिवशी वादळात त्याचे रडार निकामी झाले. व्हाइटफिश पॉइंटचा रेडिओ दिशादर्शकही त्या वेळी बंद पडलेला होता. पाठोपाठ येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ने सायंकाळी विचारणा केली, तेव्हा आपण तग धरून आहोत, असे कप्तान अर्नेस्ट मॅक्‌सॉर्ली यांनी कळविले. त्यानंतर थोड्याच वेळात जहाज दिसेनासे झाले. कप्तानासह २९ जण मृत्यू पावले. एकाचाही मृतदेह हाती लागला नाही. तटरक्षक दलाच्या १९७७ च्या अहवालाने मालकोठ्यांच्या झाकणांतून शिरलेल्या पाण्यावर ठपका ठेवला, तर जहाजमालकांच्या संघटनेने जहाज उथळ खडकावर घासले असावे, असे प्रतिपादन केले. हा वाद मिटलेला नाही.

गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे टेरेडो हे मृदुकाय प्राणी जगत नाहीत व थंडीमुळे कुजण्याची क्रियाही मंदावते. म्हणून सुपीरिअरच्या तळाशी जुनी गलबते आश्चर्यकारकरीत्या शाबूत राहतात. संशोधकाला जे वरदान, तेच मृतांच्या आप्तांना शल्य ठरते. कारण त्यांच्या दृष्टीने प्रत्येक अवशेष ही समाधी असते. यावर नातेवाइकांच्या संमतीने एक मार्ग काढण्यात आला. कॅनडाच्या नौदलाच्या साहाय्याने ४ जुलै १९९५ रोजी सु. १६० मी. खोलीवरून मूळ घंटा वर आणली गेली आणि तिच्या जागी २९ नावे कोरलेली प्रतिकृती जहाजावर बसविण्यात आली. वस्तू उचलून दालने भरणाऱ्या संग्रहालयांच्या तुलनेत ही अदलाबदल अधिक विवेकाची म्हटली पाहिजे. अवशेष कॅनडाच्या हद्दीत असल्याने २००६ पासून ऑन्टॅरिओ प्रांताच्या नियमांनुसार तेथे परवान्याविना पाणबुडी मारण्यास मनाई आहे.

संग्रहालय उन्हाळी मोसमात खुले असते. दर वर्षी १० नोव्हेंबरला स्मृतिसभेत मूळ घंटेचे २९ टोल दिले जातात. तिसावा टोल पंचमहासरोवरांत बुडालेल्या अन्य सर्व खलाशांसाठी असतो.