ग्रीक बंदरातील नौकाबंधन : हायड्रा बंदराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

शिडाची नौका चालविणे हे कौशल्य आहे हे सर्वमान्य आहे. परंतु ती थांबविणे व बांधून ठेवणे हेही तितकेच कठीण शास्त्र आहे, याची जाणीव सामान्य वाचकास क्वचितच असते. ग्रीसमधील अर्गोसारोनिक आखातातील हायड्रा या बेटाचे बंदर या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात या बेटावरील जहाजमालकांनी आपला ताफा लढ्यात उतरविला होता. आज तेच चिमुकले बंदर उन्हाळ्यात पर्यटकांच्या नौकांनी गजबजून जाते. प्रस्तुत लेखात तेथील नौकाबंधनाच्या पद्धतीचा विचार केला आहे.

बंधनाची पद्धत :

भूमध्य सागरात भरती-ओहोटीतील फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. त्यामुळे नौका पक्क्या दगडी धक्क्याला आखूड दोरांनी बांधता येते. मात्र धक्क्याची लांबी मर्यादित असते. १२ मीटर लांबीची नौका धक्क्याला समांतर लावल्यास १२ मीटर जागा व्यापते. तीच पिछाडी धक्क्याकडे करून लावल्यास सुमारे ४ मीटर पुरतात. म्हणून पुढच्या टोकाकडून म्हणजे नाळेकडून नांगर टाकावयाचा व पिछाडीचे दोन दोर धक्क्यावरील खुंटांना बांधावयाचे, ही रीत रूढ झाली. ती नवी नाही. होमरच्या 'इलियड'मध्येही नाळेकडून नांगराचे दगड टाकून पिछाडी दोरांनी बांधल्याचा उल्लेख आढळतो.

नांगर धक्क्यापासून नौकेच्या लांबीच्या तीन-चार पट अंतरावर टाकावा लागतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नौकेला केवळ नांगराचे वजन धरून ठेवत नाही. साखळी पुरेशी लांब असेल तर तिचा बराचसा भाग तळाशी पडून राहतो, ओढ आडवी बसते आणि नांगराचा फाळ तळात रुततो. साखळी आखूड पडल्यास ओढ वरच्या दिशेने बसते व फाळ उखडतो. मराठीत शेतातल्या व समुद्रातल्या अवजारास एकच शब्द आहे, आणि तो किती यथार्थ आहे हे १९३३ मध्ये जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नांगरटीच्या फाळासारखा जहाजी नांगर तयार केला तेव्हा जणू सिद्धच झाले!

उलट दिशेने जाताना नौका सहजी ऐकत नाही. वेग नसेल तर सुकाणूचा परिणाम होत नाही आणि बाजूचा वारा नाळ ढकलून देतो. शिवाय पंख्याच्या फिरण्यामुळे पिछाडी एका बाजूस, बहुतेक नौकांत डावीकडे, ओढली जाते. नाळेवरील सहकाऱ्याने साखळी नौकेच्या गतीनुसार सोडावी लागते. मध्येच अडखळली तर नौका वळते. धक्क्याजवळ येताच वाऱ्याच्या बाजूचा दोर प्रथम बांधतात, कारण तो निसटला तर नौका शेजारच्या नौकेवर जाऊन आदळते. त्यानंतर साखळी ताणून नांगर खरोखर रुतला आहे की नाही हे पाहतात. अनेक जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि तिची किंमत रात्री वारा फिरल्यावर मोजतात.

साखळ्यांचा गुंता :

हायड्राचा धक्का अर्धवर्तुळाकार आहे. प्रत्येक नौका धक्क्याशी काटकोनात उभी राहत असल्याने सर्वांच्या साखळ्या मध्यभागाकडे धावतात आणि एकमेकींवर पडतात. याचा दोष केवळ नवशिक्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बंदराची भूमितीच तशी आहे. गर्दीच्या दिवसांत पहिल्या रांगेतील नौकांच्या नाळेला दुसरी रांग बांधली जाते. मग पहिल्या रांगेतील नावाड्यास, पुढील नौका हलल्याखेरीज, निघता येत नाही.

सकाळी नांगर वर ओढावा तर त्यावर शेजाऱ्याची साखळी लोंबकळत असते. अशा वेळी ती साखळी पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून तिच्याखालून एक दोर घालतात व त्याची दोन्ही टोके आपल्या नौकेवर पक्की करतात. परकी साखळी या दोरावर तोलली गेली की आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करतात. त्यानंतर दोराचे एक टोक सोडले की परकी साखळी पुन्हा तळाशी जाते. हे काम शांतपणे केल्यास काही मिनिटांत आटोपते. जोराने ओढल्यास मात्र शेजाऱ्याचा नांगर उखडतो, आणि त्या नौकेत माणसे अजून झोपलेली असू शकतात.