न पुसली जाणारी फाइल

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपुरात, त्यामुळे याचिका टाइप करून देणाऱ्यांच्या संगणकांत फायलींचा ढीग साचतोच. एखादी जुनी फाइल काढायला जावं, तर विंडोज म्हणतं, ती दुसऱ्या प्रोग्रामात उघडी आहे. समोर तर काहीच उघडं दिसत नाही!

फाइल उघडणारा प्रोग्राम तिचं ‘हँडल’ धरून ठेवतो. इतरांना ती पुसायची मुभा त्यानं दिली नसेल, तर हँडल सुटेपर्यंत फाइल जागची हलत नाही. धरणारा बहुधा पडद्याआड असतो: नीट बंद न झालेलं वर्ड, अँटीव्हायरस, कधी खुद्द एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू. रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयूच्या पानावर हँडल शोधायची चौकट असते, तिथे फाइलचं नाव टाका. चोर सापडला की तो प्रोग्राम बंद करा. सरळ संगणक रीस्टार्ट केला तरी चालतं; त्यात कमीपणा काही नाही.

लिनक्सची रीत निराळी. तिथे उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, पण शेवटचा प्रोग्राम ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

कधी अडचण नावातच असते. पक्षकार, वर्ष, खटला असं फोल्डरात फोल्डर करत गेलं, की पूर्ण पत्ता विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडतो. वरच्या फोल्डरांची नावं आखूड करा, फाइल निघते. मात्र अडणारी फाइल ‘विंडोज’ फोल्डरातली असेल, तर ती अडतेय तेच बरं.