नांदेड–हैदराबाद : हवेत पाऊण तास, जमिनीवर तीन तास

नांदेडच्या बाजारपेठेचे हैदराबादशी नाते निजामी राजवटीपासूनचे आहे. राज्ये वेगळी झाली, पण बेगम बाजारची ठोक खरेदी आणि लाड बाजारच्या बांगड्या काही सुटल्या नाहीत. त्यामुळे २७ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबाद हे विमान होते, तेव्हा व्यापारी बांधवांना आनंद होणे साहजिक होते. सकाळी जावे, माल ठरवावा, मुक्कामाला घरी यावे, अशी ही आशा होती.

आम्ही या आशेचा थोडा हिशेब मांडून पाहिला.

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. या मार्गावर ७० आसनी एटीआर जातीची पंख्याची विमाने आली. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे गणिताने अर्धा तास. पण विमान काही गणिताने उडत नाही. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, हैदराबादच्या गर्दीत उतरण्याची पाळी येणे, हे सारे धरून पाऊण ते एक तास लागतो. वेळापत्रकातला वेळ हा जागेवरून हलण्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो.

आता जमिनीवरचे बघा. घरातून विमानतळ अर्धा तास, तेथे निदान एक तास आधी हजेरी, उतरल्यावर बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटे. पूर्वी हैदराबादचे विमानतळ बेगमपेठेत, भर शहरात होते. मार्च २००८ पासून ते शमशाबादला गेले, शहराच्या दक्षिणेस. नांदेडचा माणूस उत्तरेकडून येतो आणि शहर ओलांडून पलीकडे उतरतो! तेथून बेगम बाजार गाठायला एक तास. बेरीज चार तासांच्या जवळ जाते. देगलूर-संगारेड्डी रस्त्याने मोटार पाच तासांत पोचवते, आणि रात्रीची रेल्वे झोपेत.

सामानाचेही तसेच. विमानात साधारण १५ किलो, रेल्वेच्या शयनयानात ४० किलो मोफत. नमुन्यांच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्यास हा फरक खिशात जाणवतो.

मुंबईचे गणित मात्र उलटे आहे. सरळ रेषेत ४६५ किलोमीटर, पण मनमाडवरून रेल्वेने सहाशेच्या आसपास आणि दहा-बारा तास. तेथे विमान पूर्ण एक दिवस वाचवते. आमच्या मते नांदेडकरांनी विमानाचा आग्रह धरायचा तो मुंबईसाठी, आणि तोही सकाळी जाणाऱ्या व संध्याकाळी परतणाऱ्या वेळेचा. दुपारी एकच फेरी असेल तर मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या डोक्यावर बसतो.

'उडान'मध्ये सवलतीची मुदत तीन वर्षांची असते. त्या काळात तासाभराच्या प्रवासास ठराविक जागांपुरते सुमारे २५०० रुपयांचे बंधन होते. नांदेडला हे विमान आणणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ च सुरू झाले आणि सवलतीनंतर टिकले ते ५४. तेव्हा विमानाच्या भरवशावर हैदराबादच्या आडत्याला तारीख देण्याआधी त्या आठवड्याचे वेळापत्रक पाहावे, आणि रात्रीच्या गाडीचे आरक्षणही हाताशी ठेवावे.