गोळी मध्येच का सुटते?

धान निघालं की चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या अनेक गावांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. परत येईस्तोवर मोहफुलं पडायला लागलेली असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता आणि पावसाळ्यात रोवणी. पोटासाठी असं रानोमाळ फिरणाऱ्या माणसाने कुष्ठरोगाची गोळी मात्र सहा महिने ते वर्षभर, एकही दिवस न चुकवता घ्यायची असते.

२००५च्या डिसेंबरात देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. ही सरासरी साऱ्या देशाची होती. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत हा आजार अजून जास्त सापडतो, त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत.

हा आजार पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचारात रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही तीन औषधं आहेत. एक पत्ता २८ दिवसांचा. त्यातला पहिला मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या घरी. चट्टे पाचांहून जास्त असतील तर असे बारा पत्ते, आणि ते अठरा महिन्यांच्या आत संपवायचे. चट्टे थोडे असतील तर सहा पत्ते, नऊ महिन्यांच्या आत. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होत नाही. औषध फुकट मिळतं.

तीन औषधं एकत्र देण्यामागे इतिहास आहे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन उभं राहिलं, त्या काळात हाती एकटं डॅप्सोन होतं. ते वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावं लागे. चट्टे फिके झाले की गोळी सुटायची आणि काही वर्षांनी आजार परत यायचा. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात, हे १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झालं. एकटं औषध आणि तेही अर्धवट, यातून ते पोसले गेले होते.

आता औषध चांगलं आहे, तरी गोळी सुटते. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस पडते. जो आजार चारचौघांपासून लपवायचा, तोच औषधामुळे चेहऱ्यावर दिसू लागतो. हा रंग औषध संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो, पण हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलेलं नसतं. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, तीही न सांगता झाली तर माणूस घाबरणारच.

याहून मोठा घोटाळा रिअ‍ॅक्शनचा. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, चट्टे एकाएकी सुजून लाल होतात, नसा दुखतात, हातापायातली ताकद जाते. मरू लागलेल्या जंतूंविरुद्ध शरीर पेटून उठतं, त्याचा हा त्रास. घरच्यांना वाटतं गोळीनेच बिघडलं, आणि पत्ता फळीवर पडून राहतो. खरं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा असतो. नसांचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरंच भरून येऊ शकतं. त्यानंतर गेलेली जाणीव सहसा परत येत नाही. बधिर पायाला काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोटं झिजतात.

सोरायसिस या त्वचेच्या दुसऱ्या आजारातही औषध असंच सुटतं: मलम चिकट असतं, लावायला वेळ जातो, चट्टे ओसरले की कंटाळा येतो. सोरायसिस संसर्गजन्य नाही आणि तो कायमचा जातही नाही, नियंत्रणात ठेवावा लागतो. मलम सोडलं तर चट्टे परततात. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर आजार अंगभर उसळूही शकतो. खपल्या बघून लोक त्याला महारोग समजतात आणि त्या माणसाच्या वाट्याला दुहेरी छळ येतो. सोरायसिसच्या जाड चट्ट्याला पांढुरक्या खपल्या असतात आणि बऱ्याचदा खाज येते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही. दुखत नाही म्हणूनच तो अंगावर काढला जातो.

गोळी सोडणाऱ्याला बेपर्वा ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा वेळी पत्ता आणायला जायचं कुठून? माडिया बोलणाऱ्या बाईला मराठीत घाईघाईने सांगितलेले दुष्परिणाम किती समजणार? १९७३ पासून भामरागडजवळच्या हेमलकशात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी काम उभं केलं, ते आधी माडिया भाषा शिकून. उपचाराची सुरुवात भाषेपासून होते.

परगावी जाणाऱ्या रुग्णाला काही महिन्यांचे पत्ते एकदम देता येतात. घरचं कोणी किंवा शेजारी गोळीवर लक्ष ठेवतो. मिरचीला निघायच्या आधी आशाताईने घरोघरी 'पत्ते पुरतील ना?' एवढं विचारलं तरी कितीतरी उपचार पूर्ण होतील. मजूर नेणाऱ्या ठेकेदारानेही पत्त्याच्या दिवशी मजुरी कापू नये.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगावर न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि ज्याचे पत्ते चालू आहेत, त्याला शेवटचा पत्ता संपेपर्यंत साथ द्या.